चुकलेले रीडिंग खोडू नका: भौतिकशास्त्राच्या अध्यापकांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतील कनिष्ठ महाविद्यालयांचे भौतिकशास्त्राचे सर्व अध्यापक

सप्रेम नमस्कार.

ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षे सहायक म्हणून नोकरी केली आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. महाविद्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचे आहे ते एका संस्थेपुरते नाही. मी अध्यापक नव्हतो. कपाटे उघडणे, लंबकाचे दोरे बदलणे, गॅल्व्हनोमीटरच्या सैल झालेल्या पट्ट्या आवळणे, भिंगे मोजून परत घेणे आणि वर्षअखेरीस जर्नलांचे गठ्ठे बांधणे हे माझे काम होते. मात्र हे काम करताना मुलांच्या हातांकडे आणि वह्यांकडे जितके जवळून पाहता येते तितके फळ्यापाशी उभे राहून बहुधा पाहता येत नसावे, म्हणून हे पत्र.

एका जर्नलाची हकिगत आधी सांगतो. अकरावीच्या एका तुकडीला साध्या लंबकावरून गुरुत्व त्वरण, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो तो आकडा, काढण्याचा प्रयोग होता. तुकडीतल्या बहुतेक सगळ्या जर्नलांत उत्तर 9.8 आले होते, काहींत तर 9.80, आणि वेगवेगळ्या टेबलांवरच्या मुलांची वीस दोलनांची वेळ दशांश चिन्हापुढच्या दोन्ही अंकांपर्यंत सारखी होती. एका मुलाचे उत्तर मात्र 9.40 होते. त्याच्या पानावर लाल शाईची आडवी रेघ मारून ‘पुन्हा करा’ असा शेरा दिला होता. मुलाने पुन्हा केले नाही; शेजारच्याचे आकडे उतरवून आणले आणि त्याला सही मिळाली.

गठ्ठा बांधताना ते खोडलेले पान मी वाचले. दोऱ्याची लांबी 30 सेंटिमीटर, वीस दोलनांना लागलेला वेळ तीन वेळा मोजून सरासरी 22.45 सेकंद. त्या टेबलावरचा पितळी गोळा कपाटातून काढून व्हर्नियर कॅलिपरमध्ये धरला, तर व्यास 2.5 सेंटिमीटर भरला. मुलाने लांबी दोरा गोळ्याला जिथे बांधला होता तिथपर्यंतच मोजली होती. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते, म्हणजे ती 31.25 सेंटिमीटर होते. हा सव्वा सेंटिमीटर मिळवून गणित पुन्हा केले की उत्तर येते 9.79, आणि आपल्या मुंबई-ठाणे परिसरात गुरुत्व त्वरण खरोखरच तेवढे आहे. त्या मुलाचा वेळ अचूक होता आणि त्याने वाचलेली पट्टीही बरोबर होती. तुकडीत प्रत्यक्ष प्रयोग केल्याची खूण दिसत होती ती याच एका पानावर, आणि नेमके तेच पान खोडले गेले.

त्या 9.40 मध्ये गोळ्याची त्रिज्या लपलेली होती. हीच चूक कायम ठेवून मुलाने पाच-सहा वेगवेगळ्या लांबींचे दोरे घेतले असते आणि दोलनकालाच्या वर्गाचा लांबीशी आलेख काढला असता, तर रेषा सरळ आली असती, पण आरंभबिंदूतून गेली नसती. रेषेच्या चढावरून गुरुत्व त्वरण बरोबर निघाले असते आणि ती मागे वाढवल्यावर लांबीच्या अक्षाला शून्याच्या सव्वा सेंटिमीटर डावीकडे छेदताना दिसली असती. गोळ्याला हात न लावता त्याची त्रिज्या कळली असती. हे समजलेला मुलगा पुढे कोणत्याही उपकरणापुढे गोंधळून जाणार नाही.

हे पत्र एका लाल रेघेबद्दल तक्रार करण्यासाठी लिहिलेले नाही. आपल्यावरचा ताण मी पाहिला आहे. बारावीला सत्तर गुणांची लेखी आणि तीस गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असते, प्रवेशासाठीच्या जेईई, नीट, सीईटी या परीक्षांत हाताने प्रयोग करून दाखवायचा नसतो, आणि मुले सकाळी क्लासला जाऊन आलेली असतात. अशा वेळी प्रयोगशाळा ही जर्नल पूर्ण करून घेण्याची जागा होते, यात एकट्या अध्यापकाचा दोष नाही. तरीही त्याचा जो परिणाम मला तोंडी परीक्षेच्या वेळी दरवर्षी ऐकू येई, तो आपल्यापुढे ठेवतो.

परीक्षक विचारत, “भौतिकशास्त्राच्या शाखा सांग.” मुले धडाधडा सांगत: यामिकी, उष्मागतिकी, ध्वनी, प्रकाश, विद्युत आणि चुंबकत्व, आधुनिक भौतिकी. पुढचा प्रश्न असे, “पंखा कोणत्या शाखेत बसतो?” इथे मुले अडत. काही ‘विद्युत’ म्हणत आणि परीक्षक मान डोलावत. वास्तविक पंख्यात चुंबकीय क्षेत्र आहे, फिरण्याची गती आहे, पात्यांनी ढकललेली हवा आहे, तापणारे वेटोळे आहे आणि घाम वाळल्याने येणारा गारवाही आहे. मुलांना शाखा म्हणजे पुस्तकातल्या प्रकरणांची नावे वाटतात आणि एक प्रकरण संपले की ते मिटून ठेवायचे, अशी त्यांची समजूत होते.

या शाखा पडल्या कशा, हे वर्षाच्या सुरुवातीला एकदा तरी सांगितले जावे, असे मला फार वाटते. कानाला ऐकू येते ते ध्वनिशास्त्र, डोळ्यांना दिसते ते प्रकाशशास्त्र, त्वचेला जाणवते ते उष्णतेचे शास्त्र आणि ढकलताना-उचलताना स्नायूंना कळते ते यामिकी, असे हे जुने वाटप माणसाच्या शरीरावरून झालेले आहे. निसर्गाने ते केलेले नाही, आणि गेल्या तीन-साडेतीनशे वर्षांत या भिंती एकेक करून पडत गेल्या. 1687 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात न्यूटनने झाडावरून पडणारे फळ आणि आकाशातला चंद्र यांना एकच नियम लावला. ध्वनी ही हवेच्या कणांची हालचालच आहे हे कळल्यावर तो यामिकीत आला. 1840च्या दशकात जेम्स जूलने वजने खाली सोडून पाण्यात पाती फिरवली, पाणी किती तापते ते मोजले, आणि उष्णता हा वेगळा पदार्थ नसून ऊर्जेचेच एक रूप आहे हे आकड्यांनी दाखवले. एका कॅलरीला सुमारे 4.18 जूल हा आपण पाठ करतो तो आकडा त्याच मार्गाने आला. 1820 मध्ये ओर्स्टेडला विद्युतप्रवाहाजवळ होकायंत्राची सुई वळलेली दिसली, 1831 मध्ये फॅरेडेने चुंबक हलवून प्रवाह निर्माण केला, आणि 1860च्या दशकात मॅक्सवेलच्या समीकरणांतून प्रकाश हीच विद्युतचुंबकीय लहर असल्याचे निघाले. विद्युत, चुंबकत्व आणि प्रकाश अशी तीन प्रकरणे आपण आजही वेगळी शिकवतो. सोयीसाठी ते ठीक आहे, पण त्यांचे घर एकच आहे हे मुलांना माहीत असायला हवे.

भिंती पडल्यावर शिल्लक राहतात त्या थोड्याशाच संकल्पना: मापन, बल, संवेग, ऊर्जा, क्षेत्र, लहर, आणि कशाची बेरीज कायम राहते हा प्रश्न. शाखा वर्षभर बदलत जातात, या संकल्पना मात्र त्याच राहतात. प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी ‘यात ऊर्जा कुठून आली आणि कुठे गेली’ एवढा एकच प्रश्न आपण विचारला तरी सहा महिन्यांत मुलांचे बोलणे बदलेल.

उदाहरणासाठी लांब जायला नको. आपले निम्मे विद्यार्थी लोकलने येतात आणि त्यांतले कित्येक दारात उभे राहून येतात. साठ किलो वस्तुमानाचा मुलगा ताशी 72 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 20 मीटर वेगाने जात असेल तर त्याची गतिज ऊर्जा 12,000 जूल असते. त्याच मुलाला उभे वर उचलून तेवढी ऊर्जा द्यायची तर सुमारे 20 मीटर, म्हणजे इमारतीच्या सहाव्या-सातव्या मजल्यापर्यंत न्यावे लागेल. सातव्या मजल्याच्या कठड्यावर एका हाताने लोंबकळायला कोणीही तयार होणार नाही. दारात लोंबकळणे ऊर्जेच्या हिशेबात त्याच्याच बरोबरीचे आहे, आणि वेग दीडपट झाला की ती उंची सव्वादोनपट होते. हे गणित मी एकदा प्रयोगशाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले होते. दोन मुलींनी ते वहीत उतरवून घेतले, तेव्हा मला जे समाधान मिळाले ते एरवी क्वचितच मिळाले.

याच गाडीच्या डोक्यावरची तार पाहा. भारतातली पहिली विजेवरची गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावली, तेव्हा तारेत 1,500 व्होल्टचा एकदिश (डीसी) प्रवाह होता. आज तिथे 25,000 व्होल्टचा प्रत्यावर्ती (एसी) प्रवाह आहे. तेवढीच शक्ती पोहोचवायला प्रवाह सुमारे सतरा पटींनी कमी लागतो, आणि तार तापून जाणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गावर ठरत असल्यामुळे त्याच तारेतली नासाडी ढोबळ हिशेबाने पावणेतीनशे पटींनी घटते. विद्युत आणि उष्णता ही दोन प्रकरणे एकाच सूत्रात जुळल्याचा एवढा मोठा दाखला मुलांच्या रोजच्या वाटेवर उभा आहे.

दुसरा दाखला मला माझ्या शेजारातून मिळाला. मी चेंदणीत राहतो. आमच्या कोळीवाड्यातले एक म्हातारे बाबा पंचांगात तिथी पाहून भरतीची वेळ सांगत. त्यांचा हिशेब साधा होता: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. सबंध कोकण किनाऱ्याला हा ठोकताळा ठाऊक आहे. त्याच्या मागचे शास्त्र असे की चांद्रमासातल्या तीस तिथ्यांत चंद्र सूर्याच्या मागे पडत पडत चोवीस तासांची एक फेरी पुरी करतो, म्हणून एका तिथीमागे भरती 48 मिनिटे पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे 45 मिनिटे. बाबांच्या हिशेबात दर तिथीला तीन मिनिटांची तूट आहे आणि पंधरवड्याच्या शेवटी ती पाऊण तासाची होते. शिवाय समुद्राची भरती खाडीच्या टोकापर्यंत चढायला आणखी वेळ लागतो. तोंडी हिशेबासाठी केलेली ही सोय किती अचूक आहे आणि कुठे चुकते, हे अकरावीचा मुलगा एका पंधरवड्यात स्वतः मोजू शकतो. कळवा पुलाजवळ सुरक्षित जागा पाहून एक खुणेचा दगड ठरवायचा, पाणी त्याला कधी लागते ते रोज लिहायचे, आणि आलेख काढायचा.

आलेख काढल्यावर मुले खरे प्रश्न विचारू लागतात. चंद्र एक असताना दिवसातून दोन भरत्या का? सूर्य पृथ्वीला चंद्राच्या जवळजवळ पावणेदोनशे पटींनी जास्त ओढतो, तरी भरतीवर सत्ता चंद्राचीच का? उत्तर एकच आहे: भरती ओढीमुळे येत नाही, ओढीतल्या फरकामुळे येते. पृथ्वीची चंद्राकडची बाजू मध्यापेक्षा जास्त ओढली जाते आणि पलीकडची बाजू कमी, म्हणून पाणी दोन्हीकडे फुगते. हा फरक अंतराच्या घनाप्रमाणे घटत असल्यामुळे दूरचा सूर्य मागे पडतो आणि त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमी राहतो. अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत आले की उधाण, अष्टमीच्या सुमारास काटकोनात आले की भांग, म्हणजे कमी चढणारी भरती. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातले पहिले प्रकरण गुरुत्वाकर्षणाचे आहे आणि बहुतेक मुलांनी ते सूत्र घोकलेले असते. तीच मुले दर उधाणाला रस्त्यावर पाणी साचलेले पाहतात, पण दोन्हींचा संबंध त्यांना कोणी दाखवलेला नसतो.

क्षेत्र ही संकल्पना मुलांना सर्वांत अवघड जाते, कारण ती दिसत नाही. तिच्यासाठी नव्या पनवेलजवळ कळंबोलीला असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची कूळकथा सांगावी, अशी माझी विनंती आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मापने होत असत. सप्टेंबर 1859 मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद तिथल्या सुईने केली आणि जगभरचे संशोधक ती अजूनही वापरतात. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम आणण्याचे ठरले. ट्रामच्या तारांतून आणि रुळांतून वाहणाऱ्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र त्या नाजूक सुयांना हलवणार, हे ओळखून मापनाची जागा अलिबागला हलवली. 1904 पासून तिथे नोंदी सुरू झाल्या, दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापने घेऊन जुन्या-नव्या आकड्यांचा मेळ घातला गेला, आणि मगच कुलाब्याची मापने थांबली. 1907 मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. ओर्स्टेडच्या टेबलावर हललेली सुई आणि एका शहरातून चुंबकीय मापने हलवायला लावणारी ट्राम यांतला नियम एकच आहे. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती दोन वर्षांची जोड-मापने. जागा बदलताना आकड्यांची साखळी तुटू नये म्हणून कोणीतरी दोन वर्षे तीच मापने दोनदा घेतली, आणि आपण मात्र मुलाला शेजारच्याचे आकडे उतरवायला मोकळीक देतो.

आधुनिक भौतिकीचे प्रकरण वर्षाच्या अखेरीस येते आणि घाईत उरकले जाते. खरे तर वाशीच्या पुलावरून जाणाऱ्या मुलाला ते सर्वांत जवळचे वाटायला हवे. पुलाच्या दक्षिणेला तुर्भ्याची (ट्रॉम्बेची) जी टेकडी दिसते तिच्या पायथ्याशी ‘अप्सरा’ ही आशियातली पहिली अणुभट्टी 4 ऑगस्ट 1956 रोजी कार्यान्वित झाली. पुलाच्या अलीकडे, वाशीत, किरणोत्सारी कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांनी मसाले निर्जंतुक केले जातात. कोबाल्ट-60 चा अर्धायुकाल 5.27 वर्षे आहे. त्यातले एखादे अणुकेंद्र आज फुटेल की पन्नास वर्षांनी, हे कोणालाही सांगता येत नाही, आणि तरीही सव्वापाच वर्षांनी निम्मी उरतील हे खात्रीने सांगता येते. एकेका कणाबद्दल अनिश्चितता आणि समूहाबद्दल निश्चिती, हा विचार शंभर नाणी उडवूनही शिकवता येतो: काटा पडलेली नाणी बाजूला काढायची, उरलेली पुन्हा उडवायची, दर वेळी उरलेली संख्या लिहायची. त्याला अर्धा तास लागतो आणि कोणतेही उपकरण लागत नाही.

भाषेबद्दल थोडे लिहितो. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुले अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तकापुढे बसतात. ‘वजन’ हा शब्द आपण बाजारात वस्तुमानासाठी वापरतो, ‘शक्ती’ कधी बलासाठी तर कधी ऊर्जेसाठी, आणि ‘काम’ तर प्रत्येक श्रमाला म्हणतो. डोक्यावर पाटी घेऊन तासभर स्थिर उभ्या राहणाऱ्या माणसाने भौतिकशास्त्राच्या अर्थाने त्या पाटीवर कार्य केलेले नसते, हे मराठीत एकदा नीट समजावले की मग ‘वर्क’ हा शब्द त्रास देत नाही. ते न समजावता सरळ ‘वर्क’ सांगितला की मुलगा पुन्हा पाठांतराकडे वळतो. पहिला महिनाभर दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहावेत.

माझे मागणे एवढेच आहे की जर्नलात मूळ रीडिंग शाईने लिहिलेले असावे, ते खोडू नये, आणि उत्तर चुकले तर ‘पुन्हा करा’ ऐवजी ‘फरक कशामुळे आला असेल ते लिहा’ असा शेरा द्यावा. अंतर्गत गुण देताना उत्तर पुस्तकाशी जुळले का, यापेक्षा आकडे त्याच टेबलावरचे आहेत का, हे पाहावे. सारखी दिसणारी रीडिंगे ओळखायला कष्ट पडत नाहीत. आणि आठवड्यातून एक तास, शनिवारी म्हणा, अभ्यासक्रमाबाहेरच्या मापनासाठी प्रयोगशाळा उघडी ठेवावी.

सहायकांच्या जागा रिकाम्या असल्यामुळे उपकरणे नादुरुस्त पडून आहेत, अशी अडचण काही अध्यापकांनी मला सांगितली आणि ती खरी आहे. व्हर्नियरची शून्य त्रुटी तपासणे, मीटर ब्रिजची तार बदलणे, भिंगांच्या पेट्या लावणे, लंबकाच्या गोळ्यांचे व्यास मोजून त्यांवर चिठ्ठ्या चिकटवणे ही कामे मला येतात आणि माझ्याकडे वेळ आहे. ठाण्यापासून बेलापूरपर्यंत कोणत्याही महाविद्यालयाने बोलावले तर मी विनामोबदला येईन. गोळ्यांवर व्यासाच्या चिठ्ठ्या मात्र मुलांचा प्रयोग एकदा होऊन गेल्यावरच लावाव्यात, असे मी सुचवीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
चेंदणी, ठाणे